लॅपटॉपला फिरवून आणण्याचे फायदे

घरून काम करण्याची पद्धत बंद झाली, हे फार उत्तम झाले. हे उघडपणे म्हणायला हल्ली कोणी धजत नाही, कारण म्हणणारा एक तर मॅनेजर तरी निघतो, नाहीतर त्याचे घर ऑफिसच्या शेजारी तरी असते. आम्ही मॅनेजर आहोत. हिंजवडीतल्या एका कंपनीत मधल्या फळीत आहोत. वरचे निरोप खाली पोचवणे आणि खालचे आकडे वर पोचवणे हे आमचे काम. तेव्हा या विषयावर आमच्याइतके निःपक्षपातीपणे दुसरे कोणी बोलू शकेल असे वाटत नाही.

आधी संकट काय होते ते समजून घेऊ. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. त्या आठवड्यात कंपन्यांनी लॅपटॉप वाटले, आणि ज्यांना लॅपटॉप मिळाले नाहीत त्यांच्या घरी चक्क डेस्कटॉप टेम्पोत घालून धाडले. घरून काम होऊच शकत नाही, क्लायंट ऐकणार नाही, सुरक्षेच्या नियमांत बसत नाही, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. ते सगळे चार दिवसांत बसले. मग वाकडच्या वन बीएचकेत, सांगलीला माडीवर, चिपळूणला पडवीत बसून लोकांनी अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्या चालवल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता कोड लिहिला गेला. आणि २०२१-२२ चा हिशेब आला तेव्हा नॅसकॉमने सांगितले की भारतीय आयटी उद्योगाचा महसूल १५.५ टक्क्यांनी वाढून २२७ अब्ज डॉलरवर गेला आहे.

आमच्या पोटात गोळा आला तो तेव्हा. काम अडले असते तर काहीच बिघडले नसते. आम्ही एक समिती नेमली असती, तिच्या बैठका घेतल्या असत्या. पण काम होत राहिले, आणि आम्ही कोणाच्या पाठीमागे जाऊन उभे नसताना होत राहिले. या दोन गोष्टी एकाच कागदावर शेजारीशेजारी आल्या तर उद्या कोणीतरी तिसरी गोष्ट विचारणार, हे कळायला फार हुशारी लागत नाही.

काही मोठ्या कंपन्या तर त्या काळात वाहवतच गेल्या. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर करून टाकले की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के लोक ऑफिसात असले तरी पुरेत. सुदैवाने २०२५ उजाडण्याची वाट पाहावी लागली नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस ऑफिसात या, असा निरोप गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झूम या कंपनीनेही ऑफिसपासून ५० मैलांच्या आत राहणाऱ्या आपल्या लोकांना आठवड्यातून दोन दिवस प्रत्यक्ष येण्यास सांगितले. सगळ्या जगाला घरी बसून मीटिंग करायला जिने शिकवले, तिलाच समोरासमोर भेटण्याचे महत्त्व पटले. याहून मोठे प्रमाणपत्र कोणते हवे?

आता फायदे एकेक पाहू.

पहिला फायदा प्रवासाचा. घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप दिवसभर एका जागी पडून असतो. त्याला वारा लागत नाही, ऊन लागत नाही. आता तोच लॅपटॉप सकाळी पाठीवर बसून कोथरूडहून निघतो, वाकडच्या पुलाखाली थांबतो, भूमकर चौकात थांबतो, शिवाजी चौकात बराच वेळ थांबतो, आणि फेज थ्रीला पोचतो. तिथे तो उघडला जातो आणि व्हर्जिनियातल्या त्याच सर्व्हरला जोडला जातो, ज्याला तो आदल्या रात्री कोथरूडहून जोडलेला होता. संध्याकाळी त्याच वाटेने परत. कुत्र्यालाही रोज फिरवून आणावे लागते. लॅपटॉपवर तर अख्ख्या घराचा हप्ता अवलंबून असतो.

या प्रवासात शहराचेही नाव होते. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथे आले. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद. लंडनला आपण अवघ्या काही सेकंदांनी मागे टाकून पाचव्या क्रमांकावर ढकलले. घरी बसून हे यश मिळाले असते का? इंग्रजांना या बाबतीत हरवण्यासाठी रोज हजारो लोकांनी एका वेळी, एका रस्त्यावर, एका दिशेने जाणे आवश्यक होते, आणि त्यासाठी आमच्यासारख्यांनी सगळ्यांना साडेनऊची वेळ देणे आवश्यक होते.

प्रशासनानेही साथ दिली. लोक घरी आहेत ही संधी साधून २०२० मध्ये विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडण्यात आला. लोक परत आले तेव्हा पूल नव्हता, मेट्रोचे खांब होते. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या तेवीस किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्येच झाले होते. तेव्हा आधी मेट्रो होऊ द्या आणि मग बोलवा, असे काही उतावळे लोक म्हणत. पण मेट्रो झाल्यावर ऑफिसला येणे यात निष्ठा ती काय? खांबांखालून दुचाकी काढत, हेल्मेटच्या काचेवर सिमेंटची धूळ घेऊन जो येतो तो खरा आमचा.

मध्यंतरी लोकांच्या हाताशी रोजचे दोन-तीन तास मोकळे आले होते, हा सगळ्यांत मोठा धोका होता. मोकळा वेळ माणसाला बिघडवतो. काहीजण संध्याकाळी तळजाईवर फिरायला जाऊ लागले. काहींनी आईला फिजिओथेरपीला स्वतः नेले. मुलगा कितवीत आहे हे बायकोला न विचारता सांगता येणाऱ्यांची संख्या माझ्या टीममध्ये फारच वाढली होती. आता ती आटोक्यात आली आहे.

दुसरा फायदा हजेरीचा. घरून काम करताना माणूस किती काम करतो हे कळण्यासाठी त्याने केलेले काम पाहावे लागे. हे कष्टाचे आहे. कोड वाचावा लागतो, तो आपल्याला कळावा लागतो. आता तसे नाही. दाराशी कार्ड टेकवले की वेळ सुरू होतो, सुटताना टेकवले की वेळ थांबतो, आणि सोमवारी एचआरकडून एक एक्सेल शीट येते. नऊ तासांच्या वर असेल तो हिरवा, खाली असेल तो लाल. इतके स्वच्छ मूल्यमापन आम्ही आजवर पाहिले नव्हते. जिने क्लायंटची महिनाभर अडलेली अडचण एका दुपारीत सोडवली ती मुलगी त्या आठवड्यात लाल होती. जो दिवसभर शेअर बाजार बघतो तो गेले वर्षभर हिरवागार आहे.

संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास आमच्या तळमजल्यावर जरूर या. फिरत्या फाटकाच्या अलीकडे वीस-पंचवीस मुले-मुली पाठीला बॅगा लावून, हातात फोन धरून उभी असतात. कोणी बोलत नाही. एकेकाचे नऊ तास भरले की तो कार्ड टेकवतो आणि बाहेर पडतो. परवा त्यातल्या एकाला मी हटकले.

“काय रे, इथे का उभा?”

“सर, अजून सात मिनिटं आहेत.”

“मग बस की जागेवर.”

“जागेवर सेकंड शिफ्टवाला आलाय, सर. कॅन्टीन साडेपाचलाच बंद होतं.”

फाटकावरचा सुरक्षारक्षक साताऱ्याकडचा आहे. तो म्हणाला, “साहेब, रोजचंच आहे. मी त्यांना एक बाकडं मागितलंय ॲडमिनकडं.” मी त्या मागणीला पाठिंबा दिला. बाकडे आले की नऊचे साडेनऊ तास करता येतील.

जागेचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. लोक घरी होते त्या काळात कंपनीने खर्चात बचत म्हणून दोन मजले सोडून दिले. नंतर सगळ्यांना परत बोलावले. त्यामुळे आता माणसे जास्त आणि खुर्च्या कमी अशी निरोगी स्पर्धा निर्माण झाली आहे. आदल्या रात्री बारा वाजता ॲपवर जागा आरक्षित करायची. बारा वाजून पाच मिनिटांनी खिडकीजवळच्या संपलेल्या असतात. टीमने एकत्र बसावे, एकमेकांच्या सहवासात नव्या कल्पना सुचाव्यात, हा परत बोलावण्यामागचा मुख्य हेतू. आमच्या टीममधले तिघे चौथ्या मजल्यावर बसतात, दोघे सातव्यावर, एकजण पँट्रीच्या उंच स्टुलावर. सहवास लिफ्टमध्ये होतो.

तिसरा फायदा समोरासमोरच्या चर्चेचा. एखादी मीटिंग जवळून बघण्यासारखी असते. सकाळचे अकरा. काचेच्या खोल्या सगळ्या आरक्षित आहेत. त्यांतल्या दोन रिकाम्या आहेत, पण ज्यांनी आरक्षित केल्या ते ट्रॅफिकमध्ये अडकले आहेत. म्हणून जो तो आपापल्या जागेवरून हेडफोन लावून जोडला जातो. एकजण बंगळूरुला, दोघी चेन्नईला, उरलेले आम्ही एकाच ओळीत. माझ्या डावीकडचा बोलतो ते मला आधी कानाबाहेरून ऐकू येते आणि क्षणभराने कानात. “अरे तू म्यूट कर, तुझा आवाज माझ्या माइकमधून जातोय.” तो म्यूट करतो. मग त्याला बोलायचे असते, तेव्हा तो म्यूटवरच बोलतो. शेजारी बसल्यामुळे आम्हाला ते ऐकू येते, बंगळूरुला येत नाही. “यू आर ऑन म्यूट,” असे चेन्नईची एकजण सांगते. पलीकडच्या ओळीत दुसऱ्या प्रोजेक्टची मीटिंग चालू असते, तिच्यातले दोन निर्णय आमच्या मिनिट्समध्ये येतात. यालाच वरिष्ठ मंडळी विविध विभागांतला समन्वय म्हणतात. तो घरून कधीच साधला नसता.

घरून चालणाऱ्या मीटिंगांचा खरा दोष वेगळाच होता. पडद्यावर सगळ्यांचे चौकोन एकाच मापाचे असत. व्हाइस प्रेसिडेंटचा चौकोन आणि परवा कॉलेजातून आलेल्या पोराचा चौकोन, दोन्ही सारखेच. व्हाइस प्रेसिडेंटच्या मागे पुस्तकांचे कपाट आणि पोराच्या मागे दोरीवरचे टॉवेल, एवढाच काय तो फरक. ऑफिसात कसे, केबिन असते, लिफ्टजवळचे पार्किंग असते, साहेब येताना दिसले की मोबाइल खाली ठेवायचा असतो. ही व्यवस्था उभी करायला कित्येक वर्षे गेली आहेत. ती एका विषाणूमुळे मोडू द्यायची?

आता काही लोक संशोधनाचा हवाला देतात. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिले, बाकीच्यांना पाचही दिवस ऑफिस. जून २०२४ मध्ये हा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. कामगिरीत फरक नाही, बढत्यांत फरक नाही, आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटले. घटले ते विशेषतः स्त्रिया, लांबून येणारे आणि मॅनेजर नसलेले यांच्यात. आणखी वाईट म्हणजे प्रयोगाच्या आधी ज्या मॅनेजरांना काम घटेल असे वाटत होते, त्यांचे मत प्रयोगानंतर बदलले. अशा अभ्यासाला उत्तर देता येत नाही, म्हणून ते देऊ नये. सरळ सर्वांना मेल करावा.

शिवाय नोकरी सोडण्याचे प्रमाण घटणे ही कोणाच्या दृष्टीने चांगली गोष्ट? मंदीच्या वर्षात माणसे आपणहून गेली तर नुकसानभरपाई द्यावी लागत नाही, वर्तमानपत्रात नाव येत नाही. बाळंतपणानंतर घरून काम मिळाल्यामुळे टिकून राहिलेल्या आमच्या दोघीजणींनी मेल वाचून राजीनामे दिले. निरोप समारंभात आम्ही केक कापला आणि त्यांच्या निर्णयाचा आदर केला.

आम्हाला खरा आधार वाटतो तो मायक्रोसॉफ्टच्या सप्टेंबर २०२२ मधल्या पाहणीचा. ११ देशांतल्या २०,००० लोकांना विचारले. ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आम्ही नीट काम करतो. आपले लोक नीट काम करतात यावर पूर्ण विश्वास असलेले वरिष्ठ निघाले १२ टक्के. या दोन आकड्यांमधली जी मोकळी जागा आहे ती भरून काढण्यासाठीच कंपन्या चकचकीत इमारती बांधतात, त्यांत कार्डाची फाटके बसवतात आणि आमच्यासारख्यांना पगार देतात.

नवख्या मुलांचे काय, असा एक प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो योग्य आहे. कॉलेजातून आलेले पोर अनुभवी माणसाच्या शेजारी बसून जे शिकते ते घरी एकट्याने शिकत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत तिघांनी राहणाऱ्याला ऑफिसची खुर्ची आणि एसी म्हणजे सुखच. म्हणून आम्ही नवख्यांना पाचही दिवस बोलावले. त्यांना शिकवू शकतील असे दोघे अनुभवी शेजारी बसवले. ते दोघे दिवसभर हेडफोन लावून बंगळूरुशी बोलत असतात. नवखी मुले त्यांच्याकडे बघून शिकतात. काय शिकतात ते पुढच्या तिमाहीत कळेल.

अर्थव्यवस्थेला झालेला लाभ तर डोळ्यांना दिसतो. टाळेबंदीत हिंजवडीच्या टपऱ्या ओस पडल्या होत्या, कित्येक पीजींना कुलपे लागली होती. आज सकाळी पोह्याच्या गाडीभोवती पाय ठेवायला जागा नसते. सांगलीला आईच्या हातचे खाऊन पगारातला निम्मा वाटा शिल्लक टाकणारा मुलगा आता वाकडला भाडे भरतो, दलालाला दलाली देतो, मालकाला डिपॉझिट देतो, पेट्रोल भरतो, डबा लावतो, आणि पाठदुखीसाठी औंधला डॉक्टरकडे जातो. ऑफिसचे भाडे कंपनी भरते आणि ऑफिसला पोचण्याचा खर्च कर्मचारी उचलतो, अशी ही समसमान भागीदारी आहे. पगार मात्र तेवढाच राहिल्याने महागाईलाही आळा बसतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सांगितले तेव्हा बराच गदारोळ झाला. गदारोळ करणाऱ्यांनी हिशेब नीट केला नव्हता. ऑफिसातले रोजचे नऊ तास म्हणजे ४५. येण्याजाण्याचे रोजचे तीन धरा, १५ झाले. रात्रीचे कॉल रोज दोन तास, १० झाले. आपण ७० वर कधीच पोचलो आहोत. मूर्तींच्या निरोपाचे फक्त उत्तर द्यायचे राहिले आहे.

रात्रीच्या कॉलवरून एक गैरसमज दूर करायला हवा. घरून काम बंद झाले असे आपण म्हणतो, ते तितकेसे खरे नाही. न्यूयॉर्कचे लोक कामावर येतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात होतात. त्या वेळी आमची माणसे पुन्हा भूमकर चौकात असतात. म्हणून क्लायंटचा कॉल रात्री साडेआठला ठेवलेला आहे, आणि तो घरूनच घ्यायचा असतो. तेव्हा कुकरची शिट्टी वाजली तर चालते, मूल मांडीवर आले तरी चालते, सुरक्षेचे नियम आडवे येत नाहीत, आणि त्या वेळाची नोंद कुठल्याही एक्सेल शीटमध्ये होत नाही. तसेच जोराचा पाऊस होऊन हिंजवडीच्या रस्त्यांवर पाणी भरले की सकाळी सहालाच मेल येतो: सर्वांनी आज घरून काम करावे, उत्पादकतेवर परिणाम होऊ देऊ नये. घरून काम अशक्य असते ते फक्त कोरड्या दिवशी, आणि तेही उजेड असेपर्यंत.

तेव्हा वाचकहो, सांगलीची माडी आणि चिपळूणची पडवी विसरा. ज्यांनी अजून वाकडला खोली बघितली नसेल त्यांनी या रविवारीच बघावी, दर महिन्याला भाडे वाढते आहे. उद्याची जागा रात्री बाराला आरक्षित करा, सकाळी सातला घर सोडा, कार्ड गळ्यात घाला. आणि संध्याकाळी निघताना चार्जर टेबलाला लावून तसाच ठेवून येऊ नका. साडेआठचा कॉल आहे.